दिवसा नोकरी, रात्री धंदा: पण पाठीचं काय?

दिवसभर ऑफिसची खुर्ची आणि रात्री घरी स्वतःच्या धंद्याच्या ऑर्डरी, बिलं, हिशोब. म्हणजे दहा-अकरा तास बसूनच! नोकरीत आजारी पडलात तर रजा टाकता येते. एकट्याच्या धंद्यात तुम्ही झोपलात की धंदाही झोपला. मशीनचं सर्व्हिसिंग करतो ना, तसंच शरीराचंही करायचं.

१. दर अर्ध्या तासाने उठा. ग्राहकाचा फोन आला की चालत चालत बोला.

२. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, कीबोर्ड वेगळा जोडा. पाय जमिनीला टेकलेले हवेत.

३. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांब बघा. डोळ्यांना आराम मिळतो.

४. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालणं. एक स्टॉप आधी उतरलात तरी सुरुवात झाली!

हाताला सतत मुंग्या येत असतील, पाठदुखी थांबत नसेल, तर मलम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

भांडवल पुन्हा उभं करता येतं, मणका नाही. आज हिशोबाला बसण्याआधी मोबाईलवर अर्ध्या तासाचा अलार्म लावाच!