दोनशे फोटो, पण काम एकदाच: वेबसाईटसाठी फोटो तयार करण्याची सोपी पद्धत



समजा, तुम्ही घरून साड्या विकता. दोनशे साड्यांचे फोटो मोबाईलवर काढले आणि जसेच्या तसे वेबसाईटवर चढवले. काय बिघडलं?

हिशोब करू. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे साधारण ४ एमबी. एका पानावर २० साड्या असतील तर झाले ८० एमबी. ग्राहकाच्या मोबाईलला ८ एमबीपीएस स्पीड मिळत असेल, तर सेकंदाला १ एमबी येतो. म्हणजे सगळे फोटो दिसायला ८० सेकंद! इतका वेळ कोण थांबतं? ती ताई पुढच्या दुकानात गेली आणि तुम्हाला कळलंही नाही.

आता हेच फोटो लांब बाजू १२०० पिक्सेल ठेवून लहान केले, तर एकेक फोटो साधारण २०० केबीचा होतो. २० फोटोंचे ४ एमबी, म्हणजे ४ सेकंद. साडी तीच, फोटो तोच.

बरेच जण फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून लहान करतात. फोटो लहान होतो हे खरं, पण किती लहान आणि किती खराब, हे तुमच्या हातात राहत नाही. जरीचं बारीक काम धूसर झालं, तर साडी विकणार कशी?

मग एकेक फोटो उघडून लहान करायचा का? अजिबात नाही. याला बॅच प्रोसेसिंग म्हणतात: सेटिंग एकदा ठरवायची आणि अख्ख्या फोल्डरला लावायची. विंडोज १० किंवा ११ असेल, तर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज घ्या. ते मोफत आहे, धंद्यासाठी वापरलं तरी. हे मुद्दाम सांगतोय, कारण इरफानव्ह्यूसारखी काही सॉफ्टवेअर घरगुती वापराला मोफत असतात, पण व्यवसायासाठी लायसन्स घ्यावं लागतं.

असं करा:

१. मूळ फोटोंचा फोल्डर वेगळा जपून ठेवा. उद्या बॅनर छापायचा झाला तर तेच लागतील. काम कॉपीवरच करायचं.

२. पॉवरटॉईजमधल्या इमेज रिसायझरच्या सेटिंगमध्ये 'फिट' निवडून १२०० बाय १२०० हे माप टाका. जेपेग क्वालिटी ८० ठेवा.

३. आधी पाचच फोटो निवडा, राईट क्लिक करून इमेज रिसायझर चालवा. तिथे फोटो फक्त लहान करण्याचा पर्याय सुरू ठेवा आणि मूळ फोटोच बदलण्याचा पर्याय बंद.

४. ते पाच फोटो मोबाईलवर उघडून रंग आणि काठ नीट बघा. समाधान झालं की मगच उरलेले सगळे.

५. कॅमेऱ्याने दिलेली नावं बदला. त्याच पॉवरटॉईजमधल्या पॉवररीनेमने नावंही एकदम बदलता येतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मोबाईलचं लोकेशन सुरू असेल, तर फोटोच्या आत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. घरून धंदा करणाऱ्या ताईंनी हे जास्तच जपावं. इमेज रिसायझरमध्ये अशी माहिती, म्हणजे मेटाडेटा, काढून टाकायचा पर्याय आहे. त्यावर टिक करा. फोटो दिसण्यासाठी लागणारी माहिती तो ठेवतो, तरी रंग एकदा बघून घ्या. साडीचा रंग फोटोत वेगळा दिसला, तर साडी परत येते आणि कुरिअरचा खर्च तुमच्या माथी बसतो.

हे माप, ही क्वालिटी एका वहीत लिहून ठेवा. उद्या हाताखाली माणूस आला, तरी सगळे फोटो सारखेच दिसतील. दुकानाची शिस्त ग्राहकाला तिथेच दिसते.

आजच वेबसाईटचं सगळ्यात जड पान मोबाईल डेटावर उघडा आणि सेकंद मोजा. मग कामाला लागा!