शेकरू उडत नाही

भीमाशंकरचं दर्शन घेऊन आलेली आपल्याकडची माणसं देवळातल्या गर्दीचं सांगून झालं की हमखास सांगतात, "अन् तिथं ती उडणारी खार पण दिसली." औंढा नागनाथ आपल्या हिंगोली जिल्ह्यातच असल्यामुळे बाकीची ज्योतिर्लिंगंही करून यावीत असं इथे अनेकांच्या मनात असतं. त्यामुळे हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंखालीही तेच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात त्यांनी पाहिलेलं असतं शेकरू. ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि ते उडत नाही. राज्यप्राण्याबद्दल एवढी साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, याचा खरंच त्रास होतो.

उडणारी खार वेगळीच असते. तिच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. उंच झाडावरून झेप घेताना तो ताणला जातो आणि ती हवेवर तरंगत दूरच्या झाडावर उतरते. म्हणजे तीही पक्ष्यासारखी उडत नाहीच. ती महाराष्ट्रातल्या जंगलांत आहे, पण दिवसभर झाडाच्या ढोलीत झोपते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते. दुपारी बाराला देवळाच्या पायऱ्या उतरताना ती कोणाला दिसणार नाही. शेकरू दिवसा वावरणारा प्राणी आहे. पाठ गडद तांबूस, पोट पिवळसर पांढरं, शेपूट अंगाहून लांब आणि भीमाशंकरच्या शेकरूच्या शेपटीचं टोक फिकट. वजन दोन किलोच्या आसपास. त्याच्या पायांमध्ये कसलाही पडदा नसतो. एका फांदीवरून दुसरीवर ते जवळपास वीस फुटांची उडी मारतं. ती नुसती उडी असते आणि तिचं सगळं बळ मागच्या पायांत असतं.

यावर कोणी म्हणेल, नावात काय एवढं? फरक पडतो तो जंगलातल्या रस्त्यामुळे. प्राणी उडतो असं एकदा मनात बसलं की रस्ता रुंद करायला दोन्ही बाजूंची झाडं तोडली तरी "ते जाईल की उडून पलीकडे" असं वाटायला लागतं. ते जात नाही. शेकरूचं आयुष्य एकमेकांना भिडलेल्या फांद्यांवर चालतं. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच. फांद्यांमधलं अंतर उडीच्या आवाक्याबाहेर गेलं की त्याला जमिनीवर उतरावं लागतं आणि तिथे कुत्री असतात, बिबट्या असतो, गाड्या असतात. नाहीतर ते अलीकडेच अडकून पडतं. पलीकडचं उंबर किंवा जांभूळ फळांनी लगडलं तरी त्याच्या उपयोगाचं राहत नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे मेलेल्यांची भरपाई लवकर होत नाही.

या प्राण्याचा अभ्यास झालेला नाही अशातला भाग नाही. रेनी बोर्जेस यांनी 1980च्या दशकात शेकरूच्या खाण्यावर पीएचडीचं संशोधन केलं. पुढे त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. वेगवेगळ्या झाडांची फळं, फुलं, बिया, पानं आणि साल यांवर शेकरू वर्षभर गुजराण करतं. म्हणजे त्याला नुसती हिरवळ पुरत नाही, नाना जातींची जुनी झाडं लागतात आणि तीही एकमेकांना लागून. आपल्या हिंगोलीच्या कोरड्या, विरळ रानात शेकरू का नाही, याचं उत्तरही यातच आहे.

"शेकरू फक्त भीमाशंकरलाच असतं" हेही खरं नाही. तिथलं अभयारण्य 1985 साली जाहीर झालं आणि शेकरूमुळेच ते प्रसिद्ध आहे. पण शेकरू फणसाड, कोयना, राधानगरीतही आहे आणि इकडे मेळघाट, गडचिरोलीतही. तिथल्यांच्या अंगावरच्या रंगांत थोडा फरक असतो, इतकंच.

"घरटी मोजली की शेकरं मोजली" असंही लोक समजतात. काड्या आणि पानांचे ते मोठे गोळे उंचावर, बारीक फांद्यांच्या टोकाशी असतात, कारण वजनदार शिकारी तिथवर पोचत नाही. पण एकच शेकरू एकाहून जास्त घरटी वापरतं.

"सफारी कुठून बुक करायची?" असं विचारणाऱ्यांना सांगतो, गाडीत बसून हे जमत नाही. भीमाशंकरला श्रावणातला सोमवार टाळा. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा, आदल्या रात्री मुक्काम करा आणि सकाळी लवकर गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागा. आधी कान द्या. खडखडल्यासारखी मोठी हाक येते, नाहीतर वरून फळांच्या साली टपटप पडतात. आवाज आला तिथे गप्प उभं राहा. घाबरलेलं शेकरू खोडाला चिकटून निश्चल होतं आणि मग समोर असूनही दिसत नाही.

बिस्किटं, फुटाणे टाकू नका. ते जंगलात उपाशी नसतं, आणि खाण्यासाठी खाली उतरायची सवय लागली की कुत्र्यांच्या तोंडी जातं.

आणि "पिल्लू आणून पाळता येतं का?" तर नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.