लख्ख उन्हातला फ्लॅश

फोटोतल्या सावल्या उजळण्यापुरता मारलेला फ्लॅश म्हणजे फिल फ्लॅश. त्याची खरी गरज भर दुपारी पडते आणि नेमका तेव्हाच तो बंद असतो. ‘एवढं लख्ख ऊन असताना फ्लॅश कशाला?’ हा सवाल विचारणाऱ्याला तो बिनतोड वाटतो.

ऊन भरपूर असते, पण येते एकाच बाजूने. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतला दुपारी बाराचा चेहरा पाहावा. नाकाचा शेंडा आणि गालांचे उंचवटे चकाकतात. डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग काळवंडतो. समोर उभ्या माणसाला हे खटकत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून तफावत सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच एक्स्पोजर मिळते. गाल सांभाळावेत तर डोळे बुडतात, डोळे सांभाळावेत तर फेट्याची जर पांढरीफटक पडते. सावलीत दोन-तीन स्टॉप कमी, म्हणजे उन्हाचा चौथा ते आठवा हिस्सा उजेड असतो. फ्लॅशने भरायची ती एवढी दरी. म्हणून त्याची ताकद उन्हापेक्षा एक-दोन स्टॉप कमीच ठेवतात. चेहरा चुन्याने सारवल्यासारखा दिसण्याची तक्रार असते ती पूर्ण ताकदीच्या फ्लॅशची. दोष फिल फ्लॅशच्या माथी मारला जातो.

‘सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा’ हा सल्लाही याच गोंधळातला. त्याने समोरचे सगळे डोळे मिचकावतात. सूर्य त्यांच्या पाठीशी घेऊन चेहऱ्यावर फ्लॅश मारला, की डोळे उघडे राहतात आणि केसांना उन्हाची कडा मिळते.

‘उन्हात फ्लॅश पोहोचतच नाही’ हे मात्र अर्धे खरे आहे. कोडॅकच्या फिल्मसोबतच्या पत्रकांत छापलेला हिशेब आजही चालतो: कडक उन्हात एफ/१६ आणि शटर १/आयएसओ. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांची सिंक स्पीड १/२०० ते १/२५० सेकंदाच्या आसपास असते. त्याहून वेगवान शटरला फोटोचा एक पट्टा काळा येतो. आयएसओ १०० आणि १/२०० ला अ‍ॅपर्चर एफ/११ होते. कॅमेऱ्यातल्या गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) १२ च्या फ्लॅशची पूर्ण मात्रा तिथे जेमतेम १.१ मीटरवर संपते. दोन स्टॉप कमी फिल चालणार असेल तर तोच सव्वादोन मीटर जातो. गाइड नंबर ४० चा बाहेरचा फ्लॅश पूर्ण मात्रेतच साडेतीन मीटर गाठतो.

आयएसओ वाढवून ही पोच वाढत नाही, कारण त्याच शटरला अ‍ॅपर्चर तेवढेच बंद करावे लागते. हाय-स्पीड सिंकने शटरची अडचण सुटते, पण फ्लॅशची बरीच ताकद त्यात जाते. एडिटिंगमध्ये सावली उचलली तर दाणे वर येतात, आणि डोळ्यांतली चमक मुळात टिपलीच नसेल तर ती येणार कुठून? मोबाइलचा एलईडी उन्हापुढे काजवाच. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाशी जुळतो. सूर्यास्ताला मात्र चेहरा निळसर वाटू नये म्हणून फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, लावावी लागते.