सलूनची बाटली, ॲपवरचा सेलर आणि खरवडलेला बॅच नंबर

माझ्या मावसबहिणीचं मिरजेत छोटं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीवर काचेचं कपाट. कपाटात एका मोठ्या ब्रँडचे 'प्रोफेशनल' शॅम्पू, मास्क, सिरम. मागच्या दिवाळीत मी तिथं बसलो होतो. एका मुलीने हेअर स्पा करून घेतला, शॅम्पूची बाटली हातात घेतली, मोबाईलवर फोटो काढला आणि "नंतर नेते हं" म्हणून गेली.

ताई हसली. "नंतर कसलं नेतेय, जिन्यातच ऑर्डर टाकली असंल. माझ्याकडं साडेआठशेला आहे, मोबाईलवर सहाशे दहाला. अरे, मलाच सहाशे ऐंशीला पडते ती!"

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. ज्या बाटलीवर 'फक्त सलूनमध्ये विक्रीसाठी' असं छापलंय, ती सलूनच्या खरेदीभावापेक्षाही स्वस्त कोण विकतंय? मी ती मागवली. तीन दिवसांत आली. ताईच्या बाटलीशेजारी ठेवून पाहिली तर लेबल, रंग, झाकण, सील, सगळं सेम टू सेम. फक्त उलटी केल्यावर तळाशी, जिथं बॅच नंबर असतो, तिथलं प्लास्टिक कुणीतरी खरवडून काढलेलं.

डुप्लिकेट असती तर?

इथं बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, "डुप्लिकेट असणार." असूही शकतं. पण विचार करा, डुप्लिकेट माल बनवणारा बॅच नंबर खरवडत कशाला बसेल? तो कुठलाही नंबर छापून मोकळा होईल. नंबर खोडावा लागतो, कारण तो खरा असतो.

या धंद्याला डायव्हर्जन म्हणतात. म्हणजे वळवलेला माल. कंपनीचाच, कंपनीच्याच कारखान्यातला, पण ठरलेली वाट सोडून भलत्याच दुकानात पोचलेला. ठरलेली वाट साधी आहे: कंपनी, मग भागाचा डिस्ट्रिब्युटर, मग सलून, मग खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक. सलूनला माल सवलतीत मिळतो, ट्रेनिंग मिळतं, आणि बदल्यात सलून तो ब्रँड लोकांच्या डोक्यात बसवतं, अक्षरशः.

गळती कुठं होते? वाटेत जिथं जिथं टार्गेट आहे तिथं. महिना संपत आला, डिस्ट्रिब्युटरचा आकडा भरत नाही. तो सलूनला सांगतो, दहा कार्टन उचल, दोन फ्री देतो. सलूनची विक्री असते चार कार्टनची. उरलेली आठ पलंगाखाली ठेवायची का? मग व्हॉट्सॲपवर कुणीतरी येतो, "कार्टन असेल तर सांगा, रोख देतो." फ्री मिळालेला माल धरला तर सलूनला नगाचा भाव आपोआप कमी पडलेला असतो, त्यामुळे खरेदीच्या बिलापेक्षा कमी भावात देऊनही तोटा होत नाही. मोठा डिस्ट्रिब्युटर हेच ट्रकने करतो. ताईला ६८० ला पडणारी बाटली ॲपवर ६१० ला दिसते ती अशी. त्यात जादू काही नाही, नुसतं स्कीमचं गणित आहे.

माल्टाला गेलेला शॅम्पू

हा प्रकार आपल्याकडचाच आहे असं समजू नका. यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खटला झालाय. लॅन्झा नावाची कॅलिफोर्नियातली कंपनी शॅम्पू, कंडिशनर बनवायची. अमेरिकेत तिचे डिस्ट्रिब्युटर फक्त सलून, न्हाव्यांची दुकानं आणि केशकलेच्या शाळा यांनाच माल देतील अशी अट होती. परदेशात मात्र ती ३५ ते ४० टक्के कमी भावाने विकायची, कारण तिकडे जाहिरात आणि प्रमोशनवर ती तेवढा खर्च करत नव्हती. ब्रिटनमधल्या डिस्ट्रिब्युटरमार्फत तिचा टनावारी माल माल्टाला गेला. आणि तिथून फिरून परत कॅलिफोर्नियात आला, क्वालिटी किंग नावाच्या घाऊक व्यापाऱ्यामार्फत, सलून नसलेल्या दुकानांमध्ये, स्वस्तात.

लॅन्झाने मजेशीर मार्ग धरला. बाटलीवरच्या लेबलचा कॉपीराइट आमचा आहे, म्हणून आमच्या परवानगीशिवाय ती आयात करता येणार नाही, असा दावा लावला. १९९८ मध्ये न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. एकदा तुम्ही वस्तू विकली की ती पुढे कुणी कुणाला विकावी यावर कॉपीराइटचा हक्क लावता येत नाही.

आपल्याकडेही चित्र साधारण तसंच आहे. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ चं कलम ३० सांगतं की कायदेशीरपणे घेतलेला माल पुढे विकला तर तेवढ्यानं ट्रेडमार्कचा भंग होत नाही. २०१९ मध्ये ॲमवेसारख्या डायरेक्ट सेलिंग कंपन्यांना दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांकडून ऑनलाइन विक्रीविरुद्ध मनाई मिळाली होती. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द केली. कंपनी आणि तिचा विक्रेता यांच्यातला करार ॲमेझॉनवर बंधनकारक कसा होईल, हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता.

म्हणजे 'फक्त सलूनसाठी' ही ओळ कंपनी आणि सलून यांच्यातली अट आहे. ती बाटली ऑनलाइन घेतली म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही. पण कलम ३० मध्येच एक पोटकलम आहे: मालाची स्थिती बदलली किंवा बिघडवली असेल तर ट्रेडमार्कचा मालक पुढच्या विक्रीला हरकत घेऊ शकतो. खरवडलेल्या नंबरचा विषय इथं सुरू होतो.

तो नंबर नेमका काय करतो

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे दोन टेबलांसारखं दिसतं. एका टेबलात कोणत्या बॅचमध्ये कोणता कच्चा माल गेला, कधी भरला. दुसऱ्यात कोणतं कार्टन कोणत्या डिस्ट्रिब्युटरला गेलं. बाटलीवरचा कोड ही या दोन टेबलांना जोडणारी किल्ली. कंपनीचा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखी ॲपवरून बाटली मागवतो, कोड वाचतो, टेबलात शोधतो आणि गळती कुठून झाली ते काढतो. नुसता बॅच नंबर असेल तर ते जमत नाही, कारण एका बॅचच्या हजारो बाटल्या अनेक डिस्ट्रिब्युटरांना जातात. म्हणून काही ब्रँड प्रत्येक बाटलीला वेगळा कोड देतात, कधी उघड, कधी लपवून. माल फोडणाऱ्याला नेमका कुठला कोड त्याला अडकवेल हे माहीत नसतं. मग तो सगळंच खरवडतो, थिनरने पुसतो, लेबलचा तुकडा कापतो किंवा वर दुसरा स्टिकर चिकटवतो.

तो पुसतो स्वतःचा माग. पण त्याच किल्लीवर तुमचीही एक गोष्ट अवलंबून असते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत काही एरोसोल ड्राय शॅम्पू परत मागवले, कारण त्यांत बेंझिनचं प्रमाण जास्त असण्याची शक्यता होती. डव्ह, ट्रेसेमे यांच्याबरोबर टिगी हा सलूनमधला ब्रँडही त्यात होता. लोकांनी आपली बाटली त्यात आहे का हे कसं पाहायचं? तळाचा लॉट कोड यादीशी जुळवून. कोड खरवडलेला असेल तर बाटली यादीत आहे की नाही हे तुम्हालाही कळत नाही आणि कंपनीलाही सांगता येत नाही. एक्स्पायरीची तारीख अनेकदा त्याच कोडाशेजारी छापलेली असते, तीही सोबत जाते.

शॅम्पूपुरतं हे फार गंभीर वाटणार नाही. खरं सांगायचं तर 'प्रोफेशनल' शॅम्पूवरची ती अट बरीचशी व्यापाराची आहे, ताईसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही. पण ब्लीच, डेव्हलपर, स्ट्रेटनिंग क्रीम यांची गोष्ट वेगळी. २० व्हॉल्यूम डेव्हलपर म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. बाटल्या दिसायला सारख्या, आकडा फक्त वेगळा. कोणत्या केसांना कोणता आणि किती मिनिटं, हे शिकलेल्या माणसाच्या हातात ते असावं यासाठी ती अट असते. शिवाय पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होतं. पत्र्याच्या गोदामात आख्खा उन्हाळा काढलेली बाटली लेबलवर लिहिल्याप्रमाणे वागेल याची खात्री कोण देणार? या वस्तू स्वस्तात मिळाल्या तरी मी ॲपवरून घेणार नाही.

ॲपवर फसगत कुठं होते

मोठ्या मार्केटप्लेसवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्या पानावर पाच-दहा सेलर माल विकतात. त्यांतला एक निवडून ॲप 'बाय नाऊ' बटणामागे बसवतं. पण रेटिंग आणि रिव्ह्यू असतात त्या पानाचे, सेलरचे नव्हेत. ४.३ स्टार पाहून तुम्ही निर्धास्त होता, ते स्टार दोन वर्षांपूर्वी ब्रँडच्या अधिकृत सेलरने कमावलेले असू शकतात. तुमची ऑर्डर जाते काल उगवलेल्या तिसऱ्याच सेलरकडे.

म्हणून किमतीच्या खाली स्क्रोल करा आणि 'सोल्ड बाय' पाहा. त्या नावावर टॅप केलं की सेलरचा पत्ता आणि त्याचं स्वतःचं रेटिंग दिसतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ही माहिती दाखवणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. आज बरेच प्रोफेशनल ब्रँड स्वतःच ऑनलाइन विकतात, त्यामुळे ब्रँडच्या वेबसाइटवर अधिकृत सेलरची यादी असेल तर नाव ताडून पाहा. माल प्लॅटफॉर्मच्या गोदामातून येतोय याचा अर्थ प्लॅटफॉर्मने तो तपासलाय असा नाही. त्यांनी फक्त खोका ठेवून घेतलाय. रिव्ह्यू नवीन आधी असे लावा आणि लोकांनी टाकलेले फोटो बघा. "तळाशी नंबर नाही" असं कुणीतरी लिहिलेलं सापडतं. मलाही सापडलं, ऑर्डर केल्यानंतर.

आणि क्यूआर कोड. "स्कॅन केला, कंपनीची साइट उघडली, म्हणजे ओरिजिनल" हा तर्क मला माझ्या ऑफिसातल्या लोकांकडूनही ऐकू येतो, हे जास्त वाईट. क्यूआर म्हणजे चौकोनात लिहिलेला मजकूर. एका अस्सल बाटलीचा क्यूआर हजार लेबलांवर छापला तर हजारही वेळा कंपनीचीच साइट उघडेल. प्रत्येक बाटलीचा कोड वेगळा असेल आणि सर्व्हर "हा कोड याआधी अमुक वेळा स्कॅन झालाय" हे सांगत असेल, तरच त्या स्कॅनला किंमत. आणि साइट उघडल्यावर वरचा पत्ता वाचा. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्तीचं घुसवून बनवलेली साइटही तितकीच चकाचक दिसते.

पार्सल आलं की उघडतानाच व्हिडिओ काढा आणि सील तोडण्याआधी बाटली उलटी करून तळाचा फोटो घ्या. अगदी छोटे पॅक सोडले तर सौंदर्यप्रसाधनांवर बॅच नंबर कायद्यानेच सक्तीचा आहे. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात नोंदणी क्रमांकही हवा. यातलं काही खोडलेलं असेल तर परत करण्याचं कारण लिहिताना 'आवडलं नाही' निवडू नका, 'बॅच नंबर खोडलेला आहे' असं लिहा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ताईचं कार्टन

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं. गेल्या मार्चला मीच एक कार्टन दिलं होतं एकाला. स्कीमचं उचललेलं, खपतच नव्हतं."

पुढच्याच महिन्यात डिस्ट्रिब्युटरचा माणूस मोबाईलवर फोटो घेऊन आला होता. कुठल्याशा ॲपवरून मागवलेल्या बाटलीचा तळ, स्वच्छ, नंबरासकट. तिच्या कार्टनमधली. तिचं खातं तीन महिने बंद. ज्याने कार्टन विकत घेतलं त्याने कोड पुसायची तसदीही घेतली नव्हती, कारण अडकणार होती ती ताई. आणि माझ्या हातातल्या बाटलीचा कोड इतक्या सफाईने काढलेला, की तो कुणाचा हे आता कुणीच सांगू शकत नाही. एका कार्टनवाली सापडते, ट्रकवाला सापडत नाही. तिला कार्टन उचलायला लावणारी स्कीम त्या महिन्यातही चालूच होती.

माझे पैसे चार दिवसांत परत आले. सेलरचं नाव त्या पानावरून आठवड्याभराने गेलं. पान तसंच आहे, ४.३ स्टार, किंमत आता ५९९.