लॉबिंग आयुक्त (कॅनडा)

लॉबिंग आयुक्त हे कॅनडाच्या संघराज्य पातळीवरील एक वैधानिक पद आहे. मोबदला घेऊन मंत्री, संसद सदस्य किंवा शासकीय अधिकारी यांच्याशी संपर्क साधणाऱ्या आणि कायदे, धोरणे, अनुदाने इत्यादींवर प्रभाव टाकू पाहणाऱ्या व्यक्तीस ‘लॉबिस्ट’ म्हणतात. लॉबिस्टांची सार्वजनिक नोंदवही ठेवणे, त्यांच्यासाठी आचारसंहिता तयार करणे व तिच्या भंगाची चौकशी करणे ही आयुक्तांची प्रमुख कामे होत. २ जुलै २००८ रोजी लॉबिंग कायदा अमलात आला, तेव्हापासून हे पद अस्तित्वात आहे. आयुक्त मंत्रिमंडळाला नव्हे, तर संसदेला उत्तरदायी असतात.

स्वातंत्र्याची आवश्यकता

कॅनडात लॉबिंग कायदेशीर आहे. मात्र ते नोंदवून व नियमांच्या चौकटीत करावे लागते. लॉबिंगच्या प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात: भेटणारा लॉबिस्ट आणि त्याने भेटलेला सत्ताधारी. त्यामुळे लॉबिस्टविरुद्धच्या चौकशीची झळ अनेकदा मंत्र्यालाही लागू शकते. चौकशी करणाऱ्याची नेमणूक, मुदतवाढ व बडतर्फी त्याच मंत्रिमंडळाच्या हाती असेल, तर अधिकारी व्यक्तिशः कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या निर्णयावर लोकांचा विश्वास बसणे कठीण होते.

पूर्वपीठिका

लॉबिस्टांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९८९ मध्ये अमलात आला. १९९३ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने ‘रेड बुक’ या जाहीरनाम्यात संसदेला थेट उत्तरदायी असा स्वतंत्र नैतिकता सल्लागार नेमण्याचे आश्वासन दिले. सत्तेवर आल्यानंतर पंतप्रधान जाँ क्रेतिएँ यांनी १९९४ मध्ये हॉवर्ड विल्सन यांची त्या पदावर नेमणूक केली. परंतु हे सल्लागार प्रत्यक्षात पंतप्रधानांनाच उत्तरदायी राहिले. लॉबिस्टांची आचारसंहिता १९९७ मध्ये लागू झाली व तिच्या अंमलबजावणीचे काम त्यांच्याकडेच होते. मंत्र्यांना हितसंबंधांविषयी सल्ला देणारा आणि त्याच मंत्र्यांना भेटणाऱ्या लॉबिस्टांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी अशा रीतीने एकच होता.

‘डेमोक्रसी वॉच’ या संस्थेने या व्यवस्थेला न्यायालयात आव्हान दिले. २००४ मध्ये संघराज्य न्यायालयाने नैतिकता सल्लागारांच्या पदाला पुरेसे संस्थात्मक स्वातंत्र्य नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी हे पद संपुष्टात आले आणि लॉबिस्टांविषयीचे काम लॉबिस्ट निबंधकाकडे गेले. निबंधक हाही संसदेचा अधिकारी नव्हता. अखेर डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेल्या संघराज्य उत्तरदायित्व कायद्याने आयुक्तपदाची तरतूद केली.

नेमणूक व संरक्षण

आयुक्तांची नेमणूक सपरिषद गव्हर्नर जनरल, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ, करते. त्यापूर्वी दोन्ही सभागृहांतील मान्यताप्राप्त पक्षांच्या नेत्यांशी विचारविनिमय करावा लागतो आणि सेनेट व हाउस ऑफ कॉमन्स या दोहोंची ठरावाद्वारे संमती घ्यावी लागते. कार्यकाळ सात वर्षांचा असतो. सबळ कारणावरून, तेही दोन्ही सभागृहांनी मागणी केल्यावरच, आयुक्तांना मुदतीपूर्वी दूर करता येते. आयुक्तांना अन्य कोणतेही लाभाचे पद स्वीकारता येत नाही.

आचारसंहितेच्या भंगाविषयीचा चौकशी अहवाल संसदेत मांडला जातो व तो सार्वजनिक होतो. कायद्याखालील गुन्हा घडला असल्याचे वाजवी कारण आढळल्यास आयुक्तांना आपली चौकशी थांबवून प्रकरण पोलिसांकडे सोपवावे लागते.

मर्यादा

आयुक्तांना स्वतः दंड आकारण्याचा अधिकार नाही. आचारसंहितेच्या भंगाचा परिणाम मुख्यतः प्रसिद्ध झालेल्या अहवालापुरता राहतो.

दुसरी मर्यादा हंगामी नेमणुकीची आहे. पद रिक्त झाल्यास मंत्रिमंडळ संसदेच्या संमतीवाचून सहा महिन्यांपर्यंतची नेमणूक करू शकते. पहिल्या आयुक्त कॅरेन शेपर्ड यांची सात वर्षांची मुदत २०१६ मध्ये संपली. त्यांच्या उत्तराधिकारी नॅन्सी बेलाँजे यांनी मात्र डिसेंबर २०१७ च्या अखेरीस पदभार घेतला. मधल्या काळात शेपर्ड अल्प मुदतीच्या नेमणुकांवर कार्यरत होत्या. सात वर्षांच्या निश्चित मुदतीमुळे मिळणारे संरक्षण अशा नेमणुकीत उरत नाही, कारण पुढील मुदतवाढ सरकारच्याच मर्जीवर अवलंबून असते.

बेलाँजे यांच्या नेमणुकीलाही ‘डेमोक्रसी वॉच’ने आव्हान दिले. ज्या मंत्रिमंडळाशी संबंधित तक्रारी विचाराधीन आहेत, त्यानेच आयुक्त निवडणे पक्षपाताचे ठरते, असा त्या संस्थेचा युक्तिवाद होता. न्यायालयांनी तो स्वीकारला नाही. नेमणुकीचा अधिकार कायद्यानेच मंत्रिमंडळाला दिलेला असल्याने ही पद्धत बदलायची झाल्यास संसदेलाच कायद्यात दुरुस्ती करावी लागेल.