रणगाड्याचे दात

आपल्या घरात बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याचं आयुष्य किती असतं हो? वाढदिवसाला आलेलं खेळणं दोन महिन्यांत माळ्यावर जातं, हा माझा तरी अनुभव. बटण दाबलं की आत मोटार गुरगुरते, पण चाक काही हलत नाही. मग आपण म्हणतो, "मोटार जळली, चायनाचा माल!" आणि दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या पोत्यात जातं. आता गुरगुरते आहे म्हणजे मोटार जिवंतच आहे की! गेलेला असतो तो आतला गिअर, आणि तोही बऱ्याचदा एकच. आज मला त्या दातेरी चाकाबद्दलच लिहायचंय. "हा काय बायकांच्या पानाचा विषय आहे?" असं आमच्या घरात विचारून झालं. पण मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत आणि आमच्या भिवंडीत तर अख्खा माग ज्याच्या जिवावर चालतो, त्या फिरणाऱ्या भागांची ओळख बायकांनी का करून घेऊ नये?

निमित्त झालं माझ्या पुतणीचं. आठवीत आहे. तिच्याकडे रिमोटवर चालणारा रणगाडा आहे, खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा. म्हणजे खरा सोळा फूट असेल तर हा एक फूट. चीनची हेंग लाँग, जपानची तामिया अशा कंपन्या या मापाचे रणगाडे बनवतात आणि जगभर चांगली मोठी, नोकरदार माणसंही त्यांच्यामागे वेडी असतात. हिचा कोणत्या कंपनीचा ते राहू दे. घर बदलून गेलेल्या एका कुटुंबाकडून जुना, स्वस्तात मिळालेला. "मुलीच्या जातीला रणगाडा कशाला?" हे वाक्य घरात किती वेळा झालं ते मोजलेलं नाही.

रणगाड्याला वळायला स्टीअरिंगची चाकं नसतात. त्याला दोन बाजूंना दोन पट्टे. डावा थांबवून उजवा चालवला की तो डावीकडे वळतो. एक पुढे, दुसरा मागे फिरवला की जागच्या जागी गिरकी घेतो. खेळण्यात यासाठी दोन मोटारी असतात आणि प्रत्येकीला आपली गिअरची पेटी. आता ही छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, पण अंगात जोर बेताचाच. दहा दातांच्या चाकाने पन्नास दातांचं चाक फिरवलं तर मोठं चाक पाचपट सावकाश फिरतं आणि जोर जवळजवळ पाचपट होतो. अशी चाकं एकापुढे एक लावली की ती एवढीशी मोटार तीन-चार किलोचं धूड ओढते. जास्तीत जास्त ताण येतो तो जागच्या गिरकीला, त्यातही खाली सतरंजी असेल तर फारच. एका रविवारी नेमकी तशीच गिरकी चालली होती. कडकड असा आवाज आला आणि उजवा पट्टा थांबला.

पोरीने वर्तमानपत्र पसरून सगळं उघडलं. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, आणि स्क्रू फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. (बर्फ त्या आठवड्यात कुणालाच मिळाला नाही.) आत एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चाकाचे दोन दात सपाट झाले होते आणि तिसरा मोडून ग्रीसमध्ये पडला होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. पद्मानगरच्या मागांवर ते तीस वर्षं जॉबर होते. जॉबर म्हणजे माग अडला की हात काळे करणारा माणूस. त्यांच्या मालकाने साधे माग किलोच्या भावाने भंगारात काढले, तेव्हापासून काका मानकोलीच्या बाजूला एका गोदामात खोकी मोजतात. पुतणी ते चाक घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी चाकाकडे पाहिलंच नाही. "आधी दांडी दाखव," म्हणाले. गिअरची दांडी जिथे बाहेर येते तिथे सूत गुंडाळलं होतं, चांगलं घट्ट, आणि त्यावर तूस बसून त्याचा नमदा झालेला. भिवंडीतल्या घराघरांत उडणारं तेच सूत, तेच तूस! पट्टा फिरता फिरता दोरा ओढून घेतो, दांडी आवळली जाते, मोटार जोर लावतच राहते, आणि मधल्या मध्ये प्लॅस्टिकचे दात जातात. नवं चाक बसवून दोरा तसाच ठेवला असता तर तेही महिनाभरात गेलं असतं.

मग काका जे बोलायला लागले ते चहा गार झाला तरी थांबेनात. मागाला दोन मुख्य दांडे असतात. वरच्या दांड्याच्या गिअरला जेवढे दात, त्याच्या दुप्पट खालच्याला. म्हणून वरचा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा. का? तर साध्या विणीत एका धोट्याला उभ्या धाग्यांपैकी निम्मे वर जातात आणि पुढच्या धोट्याला उरलेले निम्मे. दोन धोट्यांचं चक्र पूर्ण झालं की खालच्या दांड्याची एक फेरी. कापड गुंडाळणाऱ्या बाजूला एक बदलायचं चाक असतं. त्याचे दात कमी-जास्त केले की इंचात आडवे धागे किती बसणार तेच बदलतं. पुतणी वहीत लिहून घेत होती आणि काका नखाने तिच्या चाकाचे दात मोजत होते, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. गोदामात त्यांना कुणी दात मोजायला लावत नाही. एवढं शिकलेला माणूस खोक्यांवरचे नंबर वाचतो आणि आमची मुलं 'गिअर रेशो' पाठ करायला शिकवणीला जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता प्रश्न आला खर्चाचा. तसंच प्लॅस्टिकचं चाक सुटं मिळेना. धातूच्या गिअरची, बेअरिंग बसवलेली पेट्यांची जोडी मिळत होती, पण तिची किंमत जुन्या रणगाड्याहून जास्त! तयार खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हही लागतं. ते मला पटतं. रंगातलं शिसं मुलांच्या पोटात जायला नको. पण नवं इतकं महाग असताना जुनं दुरुस्त करायला आपण शिकायलाच हवं ना? शेवटी निम्मे पैसे पोरीच्या डब्यातले आणि निम्मे आजीच्या पदराच्या गाठीतले, असं ठरलं.

पेट्या आणताना एकच घेऊन भागत नाही, जोडीच लागते. दोन बाजूंचे दात वेगळे पडले तर रणगाडा सरळ जायचा सोडून एका अंगाला ओढतो. आणि नुसतं 'मेटल' लिहिलेलं पाहून भुलू नये. स्वस्तातल्या ओतीव मिश्रधातूचे दात बिस्किटासारखे तुटतात, पोलादाचे टिकतात.

रणगाडा एवढा दणकट होणार म्हटल्यावर पुतणीला लगेच पट्टेही लोखंडी हवे झाले. काका म्हणाले, "थांब. एका ठिकाणी मजबूत केलंस की भार पुढच्या ठिकाणी जातो." हे आपल्याला मिक्सरवरून चटकन कळेल. भांड्याखाली रबराचा किंवा प्लॅस्टिकचा कपलर असतो. खोबऱ्याचा मोठा तुकडा अडकला की तो तुटतो आणि आपण चरफडतो. पण तो स्वस्तातला कपलर तुटतो म्हणून महागाची मोटार वाचते. प्लॅस्टिकचा गिअरही तेच काम करत होता. तिथे पोलाद बसवलं, वर जड पट्टे चढवले, की मोटार जळेल नाहीतर रिमोटचे हुकूम घेणारं सर्किट.

खऱ्या रणगाड्यांचंही हेच झालंय. दुसऱ्या महायुद्धातला जर्मनीचा पँथर रणगाडा १९४३ मध्ये लढाईत उतरला. आराखड्यात तो ३५ टनांच्या आसपासचा होता, पण चिलखत वाढत गेलं आणि वजन ४५ टनांच्या घरात गेलं. पट्ट्याला फिरवणारे शेवटचे गिअर मात्र साध्या घडणीचेच राहिले, कारण अधिक भक्कम गिअर कापायला लागणारी यंत्रं पुरेशी नव्हती. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने हे रणगाडे वापरून पाहिले, तेव्हा ते गिअर सरासरी १५० किलोमीटरच टिकतात असं नोंदवलं. भिवंडीहून पुण्याला जाताना साधारण एवढंच अंतर पडतं! खरे रणगाडे बघायचे असतील तर अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, १९९४ पासून लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. शाळेच्या सहली वॉटर पार्कला जातात, त्या एखाद वर्षी तिकडे वळवायला काय हरकत आहे?

पेट्या बसवताना काकांनी तिला काही गोष्टी शिकवल्या. मोटारीचा छोटा गिअर आणि त्याच्यासमोरचं चाक यांच्यामध्ये कागदाची पातळ पट्टी धरायची, स्क्रू आवळायचे, मग पट्टी ओढून काढायची. दातात दात बसायला नेमकी तेवढीच फट राहते. धातूला ग्रीस हवंच, पण बोटभर थापायचं नाही. खोबरेल चालत नाही आणि शिलाई मशीनचं पातळ तेल उडून जातं. पहिल्यांदा चालवताना रणगाडा पुस्तकांवर ठेवून पट्टे अधांतरी फिरवायचे. माझ्याकडून दोन अटी होत्या. यातले बरेच रणगाडे प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवतात, तो भाग बंदच ठेवायचा, कारण गोळी डोळ्यावर बसली तर फार महागात पडेल. आणि बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

यावरून सुचलं म्हणून आमच्या महिला मंडळात मी एक दिवस मुलींसाठी मागून घेतला. मेंदीऐवजी जुने, बंद पडलेले मिक्सर उघडायचे. "शॉक लागला तर?" असं तिघींनी विचारलं, आणि बरोबरच विचारलं. म्हणून सगळ्या मिक्सरचे प्लग आधीच कापून टाकले. अकरा मुली आल्या आणि त्यांच्या दोन आयाही. काकांनी त्या दिवशी गोदामातून सुट्टी घेतली होती.

रणगाडा आता छान चालतो, आवाज मात्र पूर्वीपेक्षा जास्त करतो. दर रविवारी दांड्यांवरचं सूत चिमट्याने काढायचं काम माझ्याकडे आलंय. पट्टे प्लॅस्टिकचेच ठेवलेत. परवा पट्टा ओढणाऱ्या चाकाच्या एका दाताच्या मुळाशी पांढरी रेघ दिसली. पोरीने माझी नेलपॉलिश घेऊन तो दात लाल करून ठेवलाय, आणि शाळेतून आल्यावर आधी तो बघते.