वाकणारे आरसे

दुर्बिणीचा आरसा जितका मोठा, तितका प्रकाश जास्त गोळा होतो. पण मोठा आरसा जड होतो आणि जड आरसा स्वतःच्याच वजनाने वाकतो. दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग कलत जाते तसतसा वाकही बदलत राहतो. दृश्य प्रकाशासाठी काचेच्या पृष्ठभागावर काही डझन नॅनोमीटरपेक्षा जास्त चूक परवडत नाही, आणि माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो!

बरीच वर्षं यावर एकच इलाज होता. काच इतकी जाड करायची की ती वाकणारच नाही. 1948 साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर उद्घाटन झालेल्या दुर्बिणीच्या 5 मीटरच्या आरशाचं वजन साडेचौदा टन. सोव्हिएत रशियाने 1975 साली कॉकेशसमध्ये 6 मीटरचा आरसा उभारला, तो 42 टनांचा. एवढी जाड काच रात्रीच्या गार हवेबरोबर लवकर निवत नाही, त्यामुळे प्रतिमा बिघडत राहिली. जाडीचा रस्ता तिथे खुंटला.

पुढची वाट प्रकाशशास्त्र, यंत्रशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्या मिलाफातून निघाली. आज त्याला ऑप्टोमेकॅट्रॉनिक्स म्हणतात. काचेने अजिबात वाकू नये, हा हट्टच सोडून द्यायचा. ती वाकेल, पण किती वाकली ते सतत मोजायचं आणि लगेच दुरुस्त करायचं. गेल्या शतकातला मला सर्वांत धाडसी वाटणारा अभियांत्रिकी निर्णय हाच. अचूकपणाची जबाबदारी त्याने काचेवरून काढून मोजणाऱ्या आणि हलवणाऱ्या यंत्रणेवर टाकली.

युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीत रेमंड विल्सन यांनी हे करून दाखवलं. चिलीतल्या ला सिया इथे 1989 साली सुरू झालेल्या त्यांच्या दुर्बिणीत 3.58 मीटरचा आरसा फक्त 24 सेंटिमीटर जाड होता आणि त्याच्या पाठीशी 75 आधार होते. प्रत्येक आधाराचा जोर संगणक ठरवत असे. त्या आरशाच्या घडणीत एक चूक राहून गेली होती, कारण तपासणीचं उपकरणच चुकीचं जुळवलेलं होतं. आधारांचा जोर बदलून ती चूक तिथल्या तिथे निस्तरली गेली. पुढच्याच वर्षी अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशातही अगदी याच जातीची चूक निघाली. त्याच्या पाठीला असे आधार नव्हते. अंतराळवीर डिसेंबर 1993 मध्ये दुरुस्तीला पोहोचेपर्यंत हबलला धूसरच बघावं लागलं.

जेरी नेल्सन यांनी आणखी पुढची उडी घेतली. एकसंध काच कशाला? हवाईतल्या मौना केआ शिखरावर केक दुर्बिणीचा 10 मीटरचा आरसा 36 षटकोनी तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा 1.8 मीटरचा, वजन सुमारे 400 किलो. शेजारशेजारच्या तुकड्यांच्या कडांवर मिळून 168 सेन्सर आहेत. आपली कड शेजारच्या कडेपेक्षा किती वर-खाली आहे, एवढंच ते सांगतात. प्रत्येक तुकड्याखाली त्याला हलवणारे 3 अॅक्चुएटर, म्हणजे एकूण 108. सेकंदाला दोनदा हिशेब होतो आणि तुकडे काही नॅनोमीटरने सरकवले जातात. मात्र सेन्सरांना फक्त एकमेकांची पातळी कळते, आकाश दिसत नाही. म्हणून अधूनमधून एका खऱ्या ताऱ्याचा प्रकाश घेऊन अख्खी मांडणी पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

एवढं करूनही हवा उरतेच. तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचं दृश्य थरथरतं, तसाच वातावरणातून येताना ताऱ्याचा प्रकाश हेलकावतो. तारे लुकलुकतात ते यामुळेच. हेलकावे मोजून आरसा नेमका उलटा वाकवावा, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी 1953 सालीच मांडली होती, पण तेवढा वेगवान संगणक तेव्हा कुठला? 1989 साली फ्रान्समध्ये दीड मीटरच्या दुर्बिणीवर ती खगोलशास्त्रासाठी प्रत्यक्षात आली. तिथल्या वाकणाऱ्या छोट्या आरशाला 19 अॅक्चुएटर होते.

ही यंत्रणा जरा जवळून बघण्यासारखी आहे. आलेला थोडा प्रकाश चिमुकल्या भिंगांच्या जाळीवर पडतो. प्रत्येक भिंग वेगवान कॅमेऱ्यावर एक ठिपका उमटवतं. प्रकाशाची लाट सपाट आली तर ठिपके नीट रांगेत बसतात. तिला सुरकुती पडली असेल तर ठिपके आपापल्या जागेवरून सरकतात. कोणता ठिपका कुठे आणि किती सरकला, यावरून संगणक सुरकुतीचा आकार काढतो आणि आरशाला तिच्या निम्मंच वाकायला सांगतो. निम्मं अशासाठी, की परावर्तनात प्रकाशाच्या वाटेत दुप्पट फरक पडतो. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या एका दुर्बिणीत असा आरसा 1.12 मीटर रुंद आणि जेमतेम 2 मिलिमीटर जाड आहे. त्याच्या पाठीला 1170 चुंबकं चिकटवली आहेत आणि समोरच्या विद्युत कॉइल त्यांना ओढतात-ढकलतात. हे सगळं सेकंदाला सुमारे हजार वेळा घडतं. जवळ पुरेसा तेजस्वी तारा नसला, तर लेसरने 90 किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थराला उजळवून कृत्रिम तारा तयार करतात.

आकाशगंगेच्या केंद्राजवळचा एस-2 हा तारा 16 वर्षांत तिथल्या कृष्णविवराला एक फेरी घालतो. त्याची कक्षा इतक्या बारकाईने मोजता आली ती केक आणि व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या याच तंत्रामुळे. मध्ये सूर्याच्या सुमारे 40 लाख पट वस्तुमान दडलेलं आहे, हे त्यातून पक्कं झालं आणि अँड्रिया गेझ व राइनहार्ड गेंझेल यांना 2020 च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

या कामात पुण्याचाही हात आहे. इथली खगोलशास्त्र संस्था आयुका आणि अमेरिकेतलं कॅलटेक यांनी मिळून घडवलेली रोबो-एओ ही यंत्रणा पालोमारच्याच दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसवली गेली. तिचा लेसर अतिनील होता. तो वैमानिकांचे डोळे दिपवत नसे, म्हणून विमानांवर नजर ठेवायला रात्रभर माणसं बसवावी लागत नसत. एक तारा झाला की दुसरा, ती माणसाविना आपोआप निवडत जाई. ग्रह शोधणाऱ्या केप्लर यानाला ज्यांच्याभोवती ग्रह असल्याचा संशय आला, असे हजारो तारे तिने तपासले. ताऱ्याला अगदी खेटून दुसरा तारा असेल तर त्याचाही उजेड मोजणीत मिसळतो, ग्रहाने अडवलेला उजेड तुलनेने कमी दिसतो आणि ग्रह आहे त्यापेक्षा लहान भासतो. असे लपलेले जोडीदार एकेक करून वेगळे काढणं, हे तिचं काम होतं.